हरकत असल्यास कळवावे

सुनेच्या संगणकात जागा उरली नाही, ही बातमी सोमवारी सकाळी चहाच्या टेबलावर आली आणि ऐकणाऱ्या तिघांपैकी दोघांनी ती सोडून दिली. मुलगा ब्रेडला लोणी लावत होता, तो लावतच राहिला. सासूबाईंना वाटलं कपाटाबद्दल चाललंय, आणि कपाटाच्या विषयात त्यांनी दहा वर्षांपूर्वीच हात टेकले होते. तिसरे होते रेकॉर्डसाहेब. त्यांनी कप बशीत ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. जागा नाही, हे दोन शब्द त्यांनी चौतीस वर्षं रोज ऐकले होते आणि त्यावर तोड काढण्याचाच पगार घेतला होता.

रेकॉर्डसाहेब हे नाव शेजाऱ्यांनी दिलेलं. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षाचे ते प्रमुख होते. म्हणजे जिन्याखालून उतरलं की जी लांबलचक, धुळीची, ट्यूबलाइट लुकलुकणारी खोली लागायची, तिचे मालक. नावात निम्मा मान होता आणि निम्मी चेष्टा, पण साहेबांच्या कानापर्यंत मानच पोचायचा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत त्यांनी घरातली सगळी बिलं वर्षवार लावली, औषधांच्या बाटल्यांना क्रमांक दिले आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तारखा चिकटवल्या. शेवटी सासूबाईंनी साखरेच्या डब्यावरचं ‘अग्रेषित’ वाचलं आणि स्वयंपाकघरात यायला कायमची बंदी घातली. त्यानंतर दूध आणणं आणि वीजबिलाच्या रांगेत उभं राहणं, एवढ्याच दोन कामांवर घराचा त्यांच्यावर विश्वास उरला होता. माणूस सहन करतो, पण त्याला कळत असतं.

सून मागच्या खोलीत बसून चित्रपट करत होती. हलत्या चित्रांचा, सात मिनिटांचा. हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसणारा एक म्हातारा कारकून आणि कोणीच न्यायला न आलेली एक छत्री, अशी त्याची गोष्ट. सात मिनिटांना तीन वर्षं लागतात, हे रेकॉर्डसाहेबांना पटलं नव्हतं, पण सरकारी इमारतीला लागतात तेवढीच लागतात हे आठवून ते गप्प बसत. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत तो चित्रपट एका निवड समितीकडे पोचायला हवा होता. एक मिनिट उशीर झाला तरी बाद. आणि शेवटची पक्की प्रत काढायला चाळीस जीबी मोकळी जागा हवी होती, जी संगणकात नव्हती.

जागा खाल्ली कोणी, तर भांडारानं. तिनं ते समजावून सांगितलं. तिचं सगळं काम एका भांडारात जातं, आणि भांडाराची रीत अशी की जुनी प्रत कधी टाकायची नाही. चित्र बदललं की नवी प्रत आत जाते, जुनी तिथंच राहते. छत्रीचा रंग नऊ वेळा बदलला की आत नऊ छत्र्या, आणि प्रत्येक छत्री भली थोरली. या सगळ्याची दुसरी प्रत दूर कुठल्या तरी सर्व्हरवर चढवून ठेवलेली असते. त्यामुळे इथल्या जुन्या मोठ्या फायली काढल्या तरी चालतात, फक्त काढण्याआधी ती प्रत वर खरंच आहे ना, एवढं पाहायचं.

रेकॉर्डसाहेबांचे डोळे भरून आले म्हटलं तर जास्त होईल, पण चष्मा त्यांनी पुन्हा पुसला. हे तर त्यांचंच खातं होतं.

सुनेला आवाजांच्या ध्वनिमुद्रणासाठी दोन दिवस दुसऱ्या गावी जायचं होतं, तासाभरात निघायचं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, बघतो. त्या घरात ‘बघतो’ म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा रेकॉर्डसाहेब म्हणाले, “मी करतो.”

सासूबाईंनी सुनेकडे असं पाहिलं की ज्याचा अर्थ सांगायची गरज नाही. सून मात्र साहेबांकडे पाहत होती. काय वाटलं कोण जाणे, तिनं पिवळा कागद ओढला आणि त्यावर दोन ओळी लिहिल्या, इंग्रजी अक्षरं सुटी सुटी करून. पहिली ओळ द्यायची, मग भांडार नुसतं सांगेल की काय काय काढता येईल. मग दुसरी ओळ द्यायची, ती एकेका फाइलबद्दल सर्व्हरला विचारेल आणि जिची दुसरी प्रत वर आहे तेवढीच काढेल. बाकी कशाला हात लावायचा नाही.

“पाच मिनिटांचं काम आहे, बाबा,” ती म्हणाली आणि बॅग उचलून गेली.

पाच मिनिटांचं, हे साहेबांना लागलं. अभिलेख नष्ट करणं हे पाच मिनिटांचं काम असतं तर सरकारनं त्यासाठी स्वतंत्र खोली, स्वतंत्र माणूस आणि एकशे दहा पानांची नियमावली ठेवली असती का? तरी ते आज्ञाधारकपणे खुर्चीत बसले आणि एका बोटानं पहिली ओळ उमटवली. संगणक घुमला आणि उत्तर आलं: इतक्या फायली आहेत, इतक्या ठेवणार, इतक्या काढता येतील. बस. नावं नाहीत, कारणं नाहीत, कोणी ठरवलं त्याची सही नाही. चौतीस वर्षांत इतक्या उर्मट टिपणीवर त्यांनी एक पाकीटसुद्धा फाडलं नव्हतं. दुसरी ओळ दिली की हेच यंत्र स्वतःच ठरवणार, स्वतःच टाकणार आणि वर सांगणार, झालं. साहेबांनी पिवळा कागद घडी करून खिशात ठेवला. मनात त्यांनी त्यावर शेरा मारला: पाहिले, दप्तरी दाखल.

तर आता काम रीतीनं होणार होतं. रीत अशी. अभिलेखाचे वर्ग चार. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क वर्ग दहा वर्षांचा आणि ड वर्ग एका वर्षानंतर नष्ट करायचा. चित्रपट कायमचा नाही, सात मिनिटांचाच आहे, तेव्हा तो ड वर्गात बसतो यात साहेबांना शंका वाटली नाही. एका वर्षापूर्वीच्या सगळ्या मोठ्या फायली काढायच्या. मुलाला फोन करून त्यांनी भांडार उघडतं कुठून ते विचारलं. मुलगा मीटिंगमध्ये होता, त्यानं चार वाक्यांत सांगितलं आणि कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

भांडार उघडलं आणि साहेब मागे रेलले. आत फायलींना नावंच नव्हती. छत्री नाही, कारकून नाही, खिडकी नाही. प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक आगगाडी. वर्षाहून जुन्या फायली मोजल्या, त्या दोनशे बारा भरल्या. आता दुसरा कोणी असता तर घाबरून पिवळा कागद खिशातून काढता. साहेबांनी नवी नोंदवही काढली, पट्टीनं रकाने आखले आणि सासूबाईंना हाक मारली.

सोमवारची दुपार आणि मंगळवारची सकाळ सासूबाई पडद्यावरून वाचत होत्या आणि साहेब लिहीत होते. तीन, एफ, नऊ, नऊ, बी, शून्य, डी. बी की डी? बी. मग डी कुठं गेला? डी शून्याच्या पुढं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि इतका वेळ सलग ते दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं साहेबांची नजर गेली आणि घरी तपासणी चालू आहे. त्या गाजराचा रस घेऊन वर आल्या, दहा मिनिटं ऐकलं आणि रस सासूबाईंना देऊन गेल्या.

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, आणि बातमीबरोबर सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियर दारात उभे राहून म्हणाले की काही टाकू नये, काहीच टाकू नये, त्यांच्याकडे पहिल्या घड्याळाची पेटी अजून आहे. घड्याळ कुठं आहे, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा ते विषय बदलून निघून गेले. समोरच्या दारातला दातांचा डॉक्टर मात्र आत येऊन बसला, नोंदवही चाळली आणि विचारलं की या दोनशे बारा कशावरून काढायच्या ठरल्या. साहेब म्हणाले, जुन्या आहेत म्हणून.

“जुना आहे म्हणून मी दात काढत नाही,” डॉक्टर म्हणाला. “आपण दोघंही जुन्याच दातांवर जेवतो. काढायचा तर कुजलेला काढतो, आणि आधी फोटो घेतो.”

बोलणं खरं होतं, आणि ते ऐकलं असतं तर ही कथा इथंच संपली असती. भांडारात फाइल जुनी असणं याचा अर्थ ती निरुपयोगी असणं असा होत नाही. दोन वर्षांत जिला कोणी हात लावला नाही, ती कदाचित म्हणूनच जुनी दिसते की ती पहिल्याच खेपेला नीट जमली होती आणि आजही चित्रपटात बसलेली आहे. पण या डॉक्टरकडे साहेब मागे एकदा दाढ दाखवायला गेले होते, तेव्हा त्यांचा कागद सापडायला पंचवीस मिनिटं लागली होती. ज्याचं दप्तर असं, त्याच्याकडून दप्तराबद्दल ऐकून घेणं साहेबांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तरी एक गोष्ट त्यांच्या मनात होती, ती म्हणजे दुसरी प्रत. ती वर आहे ना, हे पाहायचंच होतं, सुनेनं सांगितलं होतं आणि नियमावलीतही होतं. पिवळ्या कागदावरची दुसरी ओळ नेमकं हेच करणार होती, पण यंत्राच्या तोंडी शब्दावर जायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून त्यांनी सर्व्हरवाल्या कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं: सोबतच्या यादीतील दोनशे बारा अभिलेखांची दुय्यम प्रत आपणांकडे सुस्थितीत असल्याबाबत लेखी दाखला मिळावा. तिकडून लगेच कोणी तरी, किंवा काही तरी, बोलू लागलं. आपण खात्याचे मालक आहात का? साहेब म्हणाले, मी सासरा. मग मालकाचं संमतिपत्र जोडा. ते नाही. मग आपली विनंती नोंदवून घेतली आहे, क्रमांक अमुक अमुक, तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळेल.

याचा राग यायला हवा होता, पण साहेबांना उलट समाधान वाटलं. अडवणूक होती, पण शिस्तीत होती. क्रमांक दिला होता. चौतीस वर्षं समोरच्याला क्रमांक देऊन परत पाठवलेल्या माणसाला क्रमांक मिळाल्याचा आनंद निराळाच असतो. त्यांनी नोंदवहीतल्या ‘दुय्यम प्रतीची खातरजमा’ या रकान्यात तो क्रमांक दोनशे बारा वेळा लिहिला. लिहिता लिहिता रकाना भरला, आणि रकाना भरला की काम झालं असं वाटण्याची सवय हाडात मुरलेली होती.

शेवटची पायरी म्हणजे हरकती मागवणं. नष्ट करण्याआधी संबंधितांना नोटीस द्यावीच लागते. मंगळवारी दुपारी त्यांनी स्वच्छ अक्षरात नोटीस लिहिली आणि घरातली सगळ्यात वर्दळीची जागा म्हणून फ्रीजच्या दारावर लावली. वर्षाहून जुने दोनशे बारा अभिलेख नष्ट करण्याचे योजिले आहे, कोणाची हरकत असल्यास चोवीस तासांत लेखी कळवावे, मुदतीत हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल. मुलानं त्या दिवसात तीनदा फ्रीज उघडला आणि तीनदा पाणी घेऊन गेला. सासूबाईंनी वाचली आणि विचारलं की ही दारावरून खाली सरकते आहे, हिला दुसरा चुंबक लावू का. संबंधित व्यक्ती त्या वेळी दुसऱ्या गावी काचेच्या खोलीत बसून कारकुनाचा खोकला ध्वनिमुद्रित करत होती.

बुधवारी दुपारी मुदत संपली. हरकत आली नव्हती. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, सासूबाईंना साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं आणि दोनशे बारा फायली कचरापेटीत नेल्या. मग कचरापेटी रिकामी केली. यंत्रानं विचारलं, नक्की? साहेब म्हणाले, नक्की, आणि बोट दाबलं. बावन्न जीबी मोकळी झाली. लागत होती चाळीस, यांनी बावन्न दिली. त्यांनी सुनेला तसा संदेश पाठवला. तिचं उत्तर आलं: “बाबा, तुमच्यामुळे वाचले.” साहेबांनी ते चार वेळा वाचलं, मग सासूबाईंना दाखवलं, मग दूध आणायला गेले तेव्हा वाटेत आणखी एकदा वाचलं. निवृत्तीच्या दिवशीच्या भाषणांत कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

संध्याकाळी साडेसहाला सून आली. बूटसुद्धा न काढता आत गेली, संगणक लावला, आणि मग मागच्या खोलीतून तीच ती कळ पुन्हा पुन्हा दाबल्याचा आवाज येऊ लागला. साहेब दारात जाऊन उभे राहिले. पडद्यावर चित्रपटाच्या जागी राखाडी चौकोन होते. कारकून होता, त्याची खोली नव्हती. छत्री होती, ती कशाला टेकली होती ते गेलं होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं साहेबांना पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. तिनं शांतपणे सगळं विचारून घेतलं: पहिली ओळ दिली का, दुसरी का नाही दिली, काय काढलं, कचरापेटी रिकामी केली का. मग सर्व्हरवरून सगळं परत मागवलं. ते यायला दोन तास लागले, आणि जसजसं येत गेलं तसतशी ती बावन्न जीबी परत भरत गेली. दोनशे एक फायली आल्या. अकरा आल्या नाहीत.

त्या अकरा म्हणजे शेवटच्या प्रसंगामागची चित्रं. दोन वर्षांपूर्वी तिनं पावसातल्या रस्त्याची एक मालिका रंगवली होती, पसंत पडली नाही म्हणून बाजूला ठेवली होती आणि सर्व्हरवर चढवली नव्हती. गेल्या आठवड्यात शेवट बदलला तेव्हा तीच तिला हवीशी वाटली. तिनं अकरा चित्रं निवडली आणि शेवटात बसवली. बाहेरच्या फोल्डरमधल्या प्रती तिनं जागेसाठी स्वतःच काढून टाकल्या होत्या, भांडारात आहेत म्हणून. वर चढवायचं काम गावाहून आल्यावर करायचं होतं. जगात त्या चित्रांची एकच प्रत होती, आणि ती साहेबांच्या नोंदवहीत एकशे तीस ते एकशे चाळीस या क्रमांकांवर रीतसर नष्ट झाली होती.

साहेबांच्या तोंडून निघालं ते एवढंच, की हरकती मागवल्या होत्या. सून उठून स्वयंपाकघरात गेली, नोटीस पूर्ण वाचली आणि परत आली.

“तुम्ही फ्रीजला विचारलंत, बाबा,” ती म्हणाली. “मला नाही विचारलं. त्या कागदावरची दुसरी ओळ आहे ना, ती विचारते. तिनं या अकरांना हातसुद्धा लावला नसता.”

यंत्रानं विचारलं असतं आणि आपण विचारलं नाही, एवढं वाक्य साहेबांना पुरलं. मुलानं गेलेल्या फायली परत काढण्याचा एक प्रोग्रॅम आणला. त्यानं रात्रभर घरघर करून चार हजार जुने फोटो काढले, त्यांतले निम्मे त्याच्याच अंगठ्याचे होते. अकरांपैकी एकही निघालं नाही. मग सुनेनं प्रोग्रॅम बंद केला आणि पहिलं चित्र नव्यानं रंगवायला घेतलं.

गुरुवारी साहेबांनी खुलासा लिहिला. दीड पानी, तीन परिच्छेदांचा. नजरचुकीने, असा शब्द त्यात दोनदा आला होता. तो सासूबाईंच्या हाती पडला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “नजरेची चूक नाही ही. नजर माझी होती, मी नीट वाचलं. तुम्ही चुकलात. जा आणि तेवढंच म्हणा.”

हे म्हणणं सोपं नाही. कचेरीत ते वाक्य कधी लागलंच नव्हतं. तिथं विलंब होत असे, प्रकरण गहाळ होत असे, पण माणूस चुकत नसे. साहेबांनी खोलीबाहेर तीन फेऱ्या मारल्या. मग आत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलो.”

“हो,” सून म्हणाली आणि रंगवत राहिली. तिचा हात थांबला नव्हता, डोळे लाल झाले होते. साहेबांनी टेबलावरचा गार झालेला चहा उचलला, दुसरा आणून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

पक्की प्रत काढायला मुलानं ऑफिसातून एक डिस्क उसनी आणली, आणि शुक्रवारी पाच वाजून वीस मिनिटांनी चित्रपट गेला. अकरांतली सात चित्रं झाली, चार झाली नाहीत. शेवटचा प्रसंग नऊ सेकंदांनी लहान झाला. बरा झाला की वाईट, ते कोणी बोललं नाही. सून सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली आणि सासूबाईंनी तिच्या अंगावर शाल टाकली.

शनिवारी सकाळी साहेबांनी बॅग भरली. बहिणीकडे जाऊन येतो म्हणाले, चारआठ दिवस, फार दिवस झाले भेट नाही. बहीण फोनवर रोज भेटते, असं सासूबाई म्हणाल्या, पण थांबवलं नाही. ते बुटाचे बंद बांधत होते तेव्हा सून मागच्या खोलीतून आली. जागा परत संपली होती. दोनशे एक फायली परत आल्या होत्या, त्यावर नवी चित्रं. यंत्र आता उघडायलाच पाव तास घेत होतं.

साहेब खाली मान घालून म्हणाले की आता हे तुझ्या नवऱ्यालाच सांग, तो एका मिनिटात करेल.

“करेल ना,” ती म्हणाली. “म्हणूनच नको. दोनशे फायली नोंदवहीत उतरवणारा माणूस मला मिळणार नाही दुसरा. फक्त या वेळी मी शेजारी बसते, आणि तुम्ही मला विचारा.”

साहेबांनी बंद सोडले. थोडा वेळ लागला, गाठ बसली होती.

पिवळी चिठ्ठी आता कपड्यांबरोबर धुऊन निघाली होती. तिनं ओळ नव्यानं दिली आणि या वेळी यादीत खरी नावंही येतील असं केलं. साहेब एकेक नाव वाचत, हे काय आहे म्हणून विचारत आणि ती ती जुनी प्रत उघडून दाखवी. ही खिडकी, इथून ऊन येत होतं, मग मी ढग केले. काढू का? काढा. ही पहिली छत्री, दांडा वाकडा झाला होता. काढू का? काढा. तीन वर्षं तो दरवाजा जेवणाच्या खोलीपासून आठ पावलांवर होता आणि आत काय चालतं हे साहेब पहिल्यांदा बघत होते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. सासूबाईंनी एकदा डोकावून पाहिलं आणि बहिणीला फोन करून कळवलं की ते येत नाहीत.

मग एक फार जुनी फाइल आली, अगदी पहिल्या महिन्यातली. सुनेनं ती जरा घाईनं पुढं ढकलली. साहेबांनी विचारलं, ही राहिली. ही काय आहे? तिनं उघडली.

हरवलेल्या सामानाची तीच खोली होती, पण कारकून निराळा होता. चित्रपटातला कारकून उंच, मिशाळ आणि जरा रागीट होता. हा बुटका, डोक्याला टक्कल आणि कानावर पेन. छत्रीला चिठ्ठी बांधण्यासाठी त्यानं तिचा दांडा एका हातानं असा धरला होता, जसं कोणी रस्ता ओलांडताना लहान मुलीचं बोट धरतं. साहेबांचा हात आपोआप कानाकडे गेला. तिथं पेन होतं.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच,” सून म्हणाली. “पहिला कारकून तुमच्यावरूनच काढला होता. मग वाटलं, तुम्हाला आवडणार नाही. म्हणून बदलला.”

साहेबांनी कानावरचं पेन काढून टेबलावर ठेवलं.

“विचारलं असतंस,” ते म्हणाले, “तर हो म्हणालो असतो.”

साहेबांनी चष्मा पुसला, नीट लावला आणि खुर्ची पुढं ओढली.

“ही वर आहे ना, ते बघ.”

तिनं सर्व्हरला विचारलं. “आहे, बाबा.”

“पुन्हा एकदा बघ.”

तिनं पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग साहेब म्हणाले, “काढ.”